डाळ शिजली, पण कोणती? : एका टास्कचं आर्ग्युमेंट दुसऱ्या टास्कपर्यंत कसं पोचतं

(व्याख्यानाचं शब्दांकन. पडद्यावर दाखवलेला कोड इथे शब्दांत सांगितला आहे. आज्ञा आणि नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

बिल्ड साधनं काय करतात हे आपण याआधी पाहिलं आहे. ते कुणी ऐकलं नसेल तरी आज अडणार नाही. एवढंच लक्षात ठेवा, की टास्क म्हणजे नाव दिलेलं काम. 'टेस्ट', 'बिल्ड', 'डिप्लॉय' ही तशी नावं. आणि 'डिप्लॉय' हे 'बिल्ड'वर अवलंबून आहे असं एकदा लिहून ठेवलं, की तुम्ही फक्त 'डिप्लॉय' म्हणायचं. आधी 'बिल्ड' उरकून घेण्याची जबाबदारी साधनाची.

आजचा प्रश्न छोटा आहे. मी 'डिप्लॉय'ला सांगतो, की चाचणीच्या सर्व्हरवर पाठव, किंवा खऱ्या, ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर पाठव. हे जे सांगितलं ते आर्ग्युमेंट. आता ज्या 'बिल्ड'वर 'डिप्लॉय' अवलंबून आहे, त्यालाही हे कळायला हवं, कारण दोन्हीकडची सेटिंग्ज वेगळी. मग 'डिप्लॉय'ला दिलेलं आर्ग्युमेंट 'बिल्ड'पर्यंत न्यायचं कसं?

विचारणाऱ्याला वाटतं, एका ओळीचं उत्तर असेल. काही साधनांत खरंच एका ओळीचं उत्तर आहे. पण ती ओळ लिहून लोक निघून जातात आणि सहा महिन्यांनी भलतीच गोष्ट भलतीकडे पोचते. म्हणून ओळ सांगण्याआधी थोडं स्वयंपाकघरात जाऊ या.

सणाचा दिवस आहे. पुरणपोळी करायची आहे आणि वरणभातही. पुरणासाठी डाळ शिजायला हवी, वरणासाठीही डाळ शिजायला हवी. तुम्ही कागदावर लिहिलंत: पुरण अवलंबून 'डाळ शिजवणे' वर, वरण अवलंबून 'डाळ शिजवणे' वर. पुरण करणारी विचारते, "डाळ शिजली का?" नाही. मग हरभऱ्याची डाळ कुकरला लागते, शिजते. थोड्या वेळाने वरण करणारा येतो. तोही विचारतो, "डाळ शिजली का?" उत्तर येतं, "हो, शिजली." उत्तर खोटं नाही. फक्त त्याला तूरडाळ हवी होती.

इथे चूक कोणाची? स्वयंपाक करणाऱ्या माणसाकडून हे होणार नाही, कारण माणूस 'डाळ' या शब्दामागची डाळ ओळखतो. बिल्ड साधन ओळखत नाही. त्याच्याकडे एक नाव असतं आणि त्या नावापुढे एक खूण: झालं, किंवा नाही झालं.

आता प्रोग्रामिंग करणारे म्हणतील, हे तर फंक्शनसारखंच आहे, फंक्शनला आर्ग्युमेंट देतो तसं द्यायचं. नाही, तसं नाही, आणि सगळा गोंधळ याच समजुतीतून येतो. फंक्शनला हाक मारणं म्हणजे हुकूम: हे कर. दोनदा हुकूम दिला तर दोनदा करेल. अवलंबून असणं हा हुकूम नाही. ती चौकशी आहे: हे झालेलं आहे ना? नसेल तर करून घे, असेल तर पुढे चल. हुकुमाला तपशील जोडता येतो. "झालं का?" या प्रश्नाला तपशील जोडला, तर आधी ठरवावं लागतं, की तो तपशील कामाच्या नावाचा भाग आहे की नाही. 'हरभऱ्याची डाळ शिजवणे' आणि 'तुरीची डाळ शिजवणे' ही दोन कामं धरायची, की एकच? दोन धरली तर दोन्ही होतील. एकच धरलं तर जो आधी आला त्याची डाळ शिजेल. तिसरी वाट नाही. पुढे मी जी साधनं दाखवणार आहे, त्यातलं प्रत्येक या दोन्हींपैकी एका बाजूला आहे, आणि ते कोणत्या बाजूला आहे हे त्याच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर क्वचितच लिहिलेलं असतं.

'एकदाच करायचं' हा आग्रह आला कुठून? १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. त्यामागची हकिकत त्यांनी स्वतः नंतर सांगितली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एक दिवस वैतागून त्यांच्याकडे आले. त्यांची सकाळ एक चूक शोधण्यात वाया गेली होती, आणि चूक कोडमध्ये नव्हतीच. ती आधीच दुरुस्त झाली होती; फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. म्हणजे मेकचा जन्मच मुळी "हे नवं आहे की जुनंच?" या प्रश्नातून झालेला. फाइल जुनी असेल तर पुन्हा करा, नवी असेल तर हात लावू नका, आणि एका फेरीत एक गोष्ट एकदाच करा. त्या काळी कंपाइल करायला लागणारा वेळ पाहता हे शहाणपणाचंच होतं. आजही आहे. शंभर फाइलींना एकच हेडर लागत असेल, तर ते शंभर वेळा तयार करण्यात अर्थ नाही.

पण हे सगळं फाइलींच्या जगातलं. फाइल असते किंवा नसते, तिला आर्ग्युमेंट नसतं. पुढे लोकांनी याच साच्यात 'डिप्लॉय', 'सेटअप' अशी कामं घातली, ज्यांतून फाइल तयार होत नाही, आणि मग त्यांना आर्ग्युमेंटं हवीशी झाली.

आता रेक पाहू. जिम वाइरिक यांनी रूबी भाषेत लिहिलेलं साधन. नावातच रूबी आणि मेक आहेत. त्यात टास्कला आर्ग्युमेंट अधिकृतपणे देता येतं. पडद्यावर बघा: टास्क 'डिप्लॉय', चौकोनी कंसात त्याच्या आर्ग्युमेंटचं नाव 'एन्व्ह', आणि पुढे बाण काढून तो 'बिल्ड'वर अवलंबून आहे असं लिहिलंय. 'बिल्ड' टास्कनेही आपल्या चौकोनी कंसात 'एन्व्ह' हेच नाव जाहीर केलंय. टर्मिनलवर लिहायचं 'रेक डिप्लॉय', आणि त्याला चिकटून चौकोनी कंसात 'प्रॉडक्शन'. (झेड-शेल वापरत असाल, आणि २०१९ नंतरच्या मॅकवर बहुधा तेच असतं, तर हे सगळं अवतरण चिन्हांत घाला. नाहीतर शेल त्या चौकोनी कंसांचा स्वतःच अर्थ लावायला जातं आणि रेकपर्यंत काही पोचतच नाही.)

काय होतं? 'बिल्ड'लाही 'प्रॉडक्शन' मिळतं. रेक नावावर नाव जुळवतो. वरच्या टास्ककडे 'एन्व्ह' आहे, खालचा 'एन्व्ह' मागतोय, दिलं. खालच्याने त्याच गोष्टीला 'एन्व्हायर्नमेंट' म्हटलं असतं तर त्याला रिकामा हात मिळाला असता, आणि रेकने तक्रारही केली नसती. तर एका ओळीचं उत्तर हे: रेकमध्ये दोन्हीकडे आर्ग्युमेंटचं नाव एकच ठेवा. बरेच जण इथे थांबतात. एका फेरीत एकच सर्व्हर असेल तोपर्यंत थांबलं तरी चालतं.

पुढची पायरी. मला वरच्याकडून आलेलं नको, मीच ठरवून द्यायचंय. 'सगळीकडे सोड' असा टास्क हवा, जो आधी चाचणीसाठी बिल्ड करेल, मग खऱ्यासाठी. लोक अवलंबनांच्या यादीतच 'बिल्ड, कंसात स्टेजिंग' असं लिहून बघतात. रेक म्हणतो, या नावाचं काम कसं करायचं ते मला माहीत नाही. बरोबरच आहे त्याचं. त्या यादीत फक्त नावं चालतात. कंसासकट सगळं तो एक नाव म्हणून वाचतो. टर्मिनलवर कंस चालतो आणि यादीत चालत नाही, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही.

मग लोक टास्कच्या आत कोड लिहून दुसऱ्या टास्कला थेट हाक मारतात. त्यासाठी 'इन्व्होक' आहे. बिल्डला इन्व्होक करा 'स्टेजिंग' देऊन, पुढच्या ओळीत बिल्डला इन्व्होक करा 'प्रॉडक्शन' देऊन. दिसायला दोन फंक्शन कॉल. पण इन्व्होक हा हुकूम नाही, चौकशीच आहे. पहिल्या ओळीला बिल्ड होतं. दुसऱ्या ओळीला रेक बघतो, बिल्डपुढे 'झालं' अशी खूण आहे, आणि पुढे जातो. आर्ग्युमेंट बदललंय इकडे तो बघतही नाही. इशारा नाही, चूक दाखवणं नाही. शांतता.

ही शांतता किती महाग पडते ते एका ठिकाणी जवळून पाहिलंय. कंपनीचं नाव घेत नाही. ऑनलाइन विक्री होती आणि त्यांच्याकडे नेमका हा 'सगळीकडे सोड' टास्क होता. चाचणीचं पॅकेज तयार झालं, चाचणीच्या सर्व्हरवर गेलं, आणि तेच पॅकेज खऱ्या सर्व्हरवरही गेलं. त्यात पैसे घेणाऱ्या सेवेचा पत्ता चाचणीचा होता. चाचणीची सेवा कुठल्याही कार्डाला "पैसे मिळाले" म्हणते, तिचं कामच ते. ग्राहकांना पावत्या गेल्या, गोदामातून माल निघाला, आणि संध्याकाळी हिशेब बघणाऱ्या बाईंनी विचारलं, आज बँकेत एक रुपयाही कसा नाही? कोड वाचणाऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कोडमध्ये 'प्रॉडक्शन' हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता.

आणि खरी गंमत पुढे आहे. दुरुस्ती म्हणून त्यांनी दोन ओळींच्या मध्ये 'रीएनेबल' घातलं. ही रेकचीच सोय आहे: त्या टास्कपुढची 'झालं' ही खूण पुसते. आता बिल्ड दोनदा चाललं, लॉगमध्ये 'प्रॉडक्शन' दिसलं, पॅकेजच्या नावातही 'प्रॉडक्शन' आलं. पण सेटिंग्जची फाइल लिहिणारा टास्क वेगळा होता, 'कॉन्फिग', आणि बिल्ड त्याच्यावर अवलंबून होतं. रीएनेबल फक्त सांगितलेल्या टास्कची खूण पुसतं, तो ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांच्या खुणा तशाच राहतात. म्हणजे कॉन्फिग 'झालेलं'च होतं, स्टेजिंगचं. बाहेरून प्रॉडक्शन, आत स्टेजिंग. पहिल्या चुकीपेक्षा ही वाईट, कारण आता लॉगही खोटं सांगत होता. सुदैवाने या वेळी हिशेबाच्या आधी कळलं.

'एक्झिक्यूट' नावाचीही एक सोय आहे. ती खुणा बघत नाही, सरळ टास्कचं अंग चालवते. पण मग अवलंबनांनाही ती विचारत नाही. ज्या कामासाठी रेक वापरतो, तेच सोडून दिल्यासारखं झालं.

रेकला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मेककडे वळू, तिथे तर हे आणखी जुनं आहे. ग्नू मेकमध्ये एखाद्या टार्गेटपुरतं व्हेरिएबलचं मूल्य ठरवता येतं. 'डिबग' टार्गेटसाठी सीफ्लॅग्ज म्हणजे डॅश जी, 'रिलीज' टार्गेटसाठी सीफ्लॅग्ज म्हणजे डॅश ओ-टू. दोन्ही 'ॲप'वर अवलंबून. आणि हे मूल्य त्या टार्गेटपुरतं राहत नाही, ते ज्यावर अवलंबून आहे त्या सगळ्यांपर्यंत खाली झिरपतं. म्हणजे आर्ग्युमेंट पोचवण्याची सोय झालीच की! 'मेक डिबग' म्हटलं की ॲप आणि त्याखालच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली डॅश जी लावून तयार. सुंदर.

आता 'मेक डिबग रिलीज' म्हणा. ॲप एकदाच तयार होणार, डॅश जी लावून, कारण डिबग आधी आलं. रिलीज येतं तेव्हा ॲप तयार आहे. ग्नू मेकचं माहितीपुस्तक हे लपवत नाही. त्यात लिहिलंय, की एका फेरीत एक गोष्ट जास्तीत जास्त एकदा तयार होईल आणि मूल्य मिळेल ते पहिल्या मागणाऱ्याचं. पण असं कोण मागेल, दोन्ही एका आज्ञेत? ठीक आहे, तसं करू नका. आज 'मेक डिबग' करा, उद्या सकाळी येऊन 'मेक रिलीज' करा. फाइली कालच्या आहेत, सोर्स त्याहून जुना आहे, मेक म्हणतो करण्यासारखं काही नाही. तुम्ही रिलीज म्हणून जे पाठवता ते कालचं डिबग. रेक निदान फेरी संपली की खुणा विसरतो. मेकची खूण डिस्कवर राहते.

म्हणून अनुभवी लोक फ्लॅग बदलले की आधी 'क्लीन' करतात. चालतं, पण ते हाताने लक्षात ठेवण्याचं काम झालं, आणि तेच टाळायला तर मेक आलं होतं. लिनक्स कर्नलची बिल्ड पद्धत जास्त शहाणी आहे: प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीशेजारी एक लपलेली छोटी फाइल ठेवते आणि तिच्यात ती ऑब्जेक्ट फाइल ज्या आज्ञेने तयार झाली ती अख्खी आज्ञा लिहून ठेवते. पुढच्या वेळी आज्ञेत एक फ्लॅग जरी बदलला असेल तरी ती फाइल पुन्हा तयार होते. निंजा हे साधन आपल्या लॉगमध्ये आज्ञेचा हॅश ठेवून तेच करतं. म्हणजे "झालं का?" याऐवजी "या पद्धतीने झालं का?" असं विचारायचं. डाळीच्या डब्यावर चिठ्ठी लावल्यासारखं.

जावावाल्यांसाठी ॲण्टबद्दल दोनच वाक्यं. तिथे प्रॉपर्टी एकदा ठरली की बदलत नाही, म्हणून 'ॲण्टकॉल' वापरून टार्गेटला नवी मूल्यं देऊन बोलावतात. पण तसं बोलावल्यावर ते टार्गेट आपली सगळी अवलंबनं पुन्हा चालवतं आणि आत ठरलेली मूल्यं बाहेर येत नाहीत. रेकमध्ये काम कमी वेळा होतं ही तक्रार, इथे जास्त वेळा होतं ही.

आतापर्यंत आपण एकाच दिशेबद्दल बोललो. 'डिप्लॉय'ला काहीतरी माहीत आहे आणि ते मागे, त्याच्या आधी होणाऱ्या 'बिल्ड'ला सांगायचंय. पण पुष्कळदा लोक 'आर्ग्युमेंट पास करायचंय' म्हणतात तेव्हा त्यांना उलटं हवं असतं. आधीच्या कामाने काहीतरी तयार केलं, उदाहरणार्थ पॅकेजचं नाव किंवा आवृत्तीचा क्रमांक, आणि ते नंतरच्या कामाला द्यायचंय. या दोन दिशा वेगळ्या आहेत.

पुन्हा पुरणपोळी. शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीतलं पाणी निथळून काढतात, तो कट. त्याची कटाची आमटी. आमटीला काय हवं? डाळ शिजवण्याच्या कामाने तयार केलेली वस्तू. कट पातेल्यात काढून ठेवला, आमटी करणारीने ते पातेलं उचललं. यात कसलाही गोंधळ नाही. कितीही जण आले तरी पातेल्यात जे आहे ते आहे. पण समजा, आमटी जास्त माणसांना हवी आहे, तर डाळ शिजताना पाणी जास्त घालायला हवं होतं. ही सूचना मागे जाणारी, डाळ कुकरला लागण्याआधीच द्यायला हवी अशी. ती कोण देणार? आमटी करणारी उशिरा येते. तेव्हा ही सूचना आमटीने डाळीला द्यायचीच नाही. किती पानं वाढायची हे घरातल्या मोठ्या बाईने सकाळीच सगळ्यांना सांगायचं.

ग्रेडलने ही पुढे जाणारी दिशा चांगली सोडवली आहे. तिथे 'डिपेंड्स ऑन' फक्त क्रम सांगतं, सोबत काहीच जात नाही. नवशिके इथेच अडतात: अवलंबून तर केलं, मग त्याचं मूल्य मला का मिळत नाही? ग्रेडलची सुचवलेली रीत अशी, की 'डिपेंड्स ऑन' लिहूच नका. पहिल्या टास्कचं आउटपुट जाहीर करा, दुसऱ्याचं इनपुट जाहीर करा आणि हे त्याला जोडा. जोडलं की अवलंबन ग्रेडल स्वतः ओळखतो. पातेलं दाखवलं, की कोणावर अवलंबून हे वेगळं सांगावं लागत नाही. मला हे या सगळ्या साधनांतलं सर्वांत पटणारं वाटतं, जरी ग्रेडलची बाकीची भाषा डोकं उठवणारी असली तरी.

आणि मागे जाणाऱ्या दिशेचं काय? अँड्रॉइडवर काम करणारे तर त्याचं उत्तर रोज टाइप करतात. 'असेंबल-डिबग', 'असेंबल-रिलीज'. 'असेंबल' नावाचा एक टास्क आणि त्याला 'डिबग' हे आर्ग्युमेंट, असं तिथे नाही. दोन वेगळे टास्क आहेत, त्यांच्या खाली कंपाइल करणारे टास्कही वेगळे, आणि त्यांची आउटपुट वेगळ्या फोल्डरांत. अँड्रॉइडचं प्लगइन प्रत्येक प्रकारासाठी टास्कांची अख्खी रांग तयार करतं. यादी बघितली तर लांबलचक आणि कंटाळवाणी दिसते. पण 'हरभऱ्याची डाळ' आणि 'तुरीची डाळ' ही दोन नावं झाली, आता कुणी कधीही आलं तरी चुकीचं पातेलं हाती लागणार नाही.

हे मेकमध्येही जमतं, फार सोपं आहे. ऑब्जेक्ट फाइली एकाच फोल्डरात न ठेवता 'बिल्ड'च्या आत 'डिबग' आणि 'रिलीज' असे दोन फोल्डर करा. पॅटर्न नियम लिहा, टक्क्याच्या खुणेच्या जागी जे येईल ते आर्ग्युमेंट. 'डिप्लॉय-स्टेजिंग' म्हटलं की 'डिप्लॉय, मग टक्का' हा नियम जुळतो, टक्क्याच्या जागी 'स्टेजिंग' येतं, आणि तो 'पॅकेज-स्टेजिंग' मागतो. आर्ग्युमेंट नावातून खाली गेलं. फक्त डिस्कवर त्या नावाची खरी फाइल निघेल असं बघा, म्हणजे कालचं-आजचं मेकला कळेल. रेकमध्येही रूबीचा एक लूप लावून दोन्ही सर्व्हरांसाठी वेगवेगळ्या नावांचे टास्क तयार करता येतात. चार ओळी. त्या कंपनीत शेवटी हेच झालं.

नवी साधनं हे नावात घालण्याचं काम आपल्याऐवजी करतात. 'जस्ट' या छोट्या साधनात अवलंबनाच्या यादीतच कंस करून आर्ग्युमेंट देता येतं, आणि त्याचा नियम असा, की त्याच आर्ग्युमेंटांसह एखादं काम एका फेरीत एकदाच होईल. आर्ग्युमेंट वेगळं असेल तर वेगळं काम. पायथनमधलं 'इन्व्होक' तसंच (रेकच्या इन्व्होकशी गल्लत नको, हे साधनाचं नाव आहे). बेझल हेच मोठ्या प्रमाणावर करतं: एक टार्गेट दोन कॉन्फिगरेशनमध्ये मागितलं तर त्याच्या लेखी ती दोन वेगळी टार्गेटं, आउटपुटच्या जागाही वेगळ्या. साधन निवडताना मी हाच एक प्रश्न आधी विचारतो: एकाच टास्कला दोन वेगळी आर्ग्युमेंटं आली तर तू किती वेळा चालतोस? दोन टास्कांची तीन ओळींची फाइल लिहून पाच मिनिटांत तपासता येतं. जाहिरात वाचत बसण्यापेक्षा बरं.

माझं मत विचाराल तर यातलं निम्मं दुखणं मुळात निर्माणच करू नये. बिल्डला सर्व्हरचं नाव कळण्याची गरज का पडते? बहुतेक वेळा कारण एवढंच, की सेटिंग्ज पॅकेजच्या आत भरलेल्या असतात. त्या बाहेर ठेवा. पॅकेज एकच करा, चाचणीत जे तपासलं तेच खऱ्या सर्व्हरवर जाऊ द्या, आणि पत्ते, किल्ल्या वगैरे त्या त्या सर्व्हरने चालू होताना वाचाव्यात. मग 'बिल्ड'ला आर्ग्युमेंटच उरत नाही, आणि ते एकदाच झालं तर चांगलंच. डिबग आणि रिलीजला हा उपाय लागू नाही, तिथे बायनरीच वेगळी असते. तिथे दोन नावं, दोन फोल्डर.

प्रश्न घेऊ या.

(श्रोत्यांतून प्रश्न: हे सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलं तर? कुठलाही टास्क ते वाचू शकतो.)

चालतं, एका अटीवर: अख्ख्या फेरीला एकच मूल्य असलं पाहिजे. मघाशी म्हटलं ना, किती पानं वाढायची ते सकाळीच सगळ्यांना सांगायचं, तशा गोष्टींसाठी हे योग्य आहे. ग्रेडलमध्ये डॅश पी देऊन प्रॉपर्टी देतात तीही याच जातीची. फेरीच्या मध्येच ते मूल्य बदलायला लागलात की परत पहिल्यापासून तोच खेळ. आणि मेकमध्ये एक बारीक गोष्ट: बाहेरच्या एन्व्हायर्नमेंटमधलं मूल्य मेकला दिसतं, पण मेकफाइलमध्ये त्याच नावाला साधं मूल्य दिलेलं असेल तर मेकफाइल जिंकते. आज्ञेच्या ओळीवर दिलेलं मूल्य मात्र मेकफाइलच्या वर जातं. त्यामुळे 'मेक'च्या आधी लिहिलेलं आणि नंतर लिहिलेलं यात फरक पडतो. द्यायचंच तर नंतर द्या.

(प्रश्न: मग टास्क कशाला, सरळ फंक्शनच का लिहू नये?)

डिप्लॉयसारख्या कामासाठी लिहावंच. ते काम म्हणजे वस्तू नाही, कृती आहे. दोन सर्व्हर असतील तर दोनदा व्हायला हवी. रेकमध्ये तर हाताशी अख्खी रूबी आहे: साधी मेथड लिहा, तिला आर्ग्युमेंटं द्या, आणि टास्कमध्ये फक्त तिला बोलवा. मेथड हुकूम पाळते, दोनदा बोलावलं तर दोनदा चालते. ज्यातून वस्तू तयार होते, जी वस्तू आधीपासून असू शकते, तिथे टास्क. कंपाइल करणं टास्क, पाठवणं मेथड. सीमारेषेवरची कामं असतात, नाही असं नाही. डेटाबेसचं स्थलांतर दोन्हीकडे बसतं. तिथे मी मेथड लिहितो आणि आधीच झालं असेल तर परत केल्याने काही बिघडणार नाही अशी लिहितो.

(प्रश्न: आमच्याकडे दहा वर्षांची जुनी मेकफाइल आहे. तिच्यात हा घोळ आहे की नाही ते कसं कळणार?)

पहिली तपासणी फुकट आहे. 'क्लीन' न करता आधी डिबग करा, लगेच रिलीज करा, आणि दुसऱ्या वेळी पडद्यावर कंपाइलरच्या आज्ञा येतात का ते बघा. काहीच आलं नाही तर घोळ आहे. दुसरी तपासणी ग्नू मेकच्या ४.४ आवृत्तीत आहे, ती २०२२ मध्ये आली. तिच्यात 'शफल' नावाचा पर्याय आहे. अवलंबनं ज्या क्रमाने लिहिली आहेत तो क्रम तो मुद्दाम पिसतो, पत्त्यांसारखा. एकच गोष्ट दोघं वेगळ्या मूल्यांनी मागत असतील तर पहिला कोण ते दर वेळी बदलेल, आणि दहा फेऱ्यांत कधीतरी निकाल वेगळा येईल. बिल्ड फसलं तर तो एक आकडाही छापतो. तोच आकडा परत दिला की तोच क्रम परत मिळतो, म्हणजे चूक पुन्हा घडवून बघता येते. मॅकवर ॲपलच्या साधनांसोबत येतो तो मेक ३.८१ आहे, २००६ सालचा. त्यात हे नाही, तेव्हा मॅकवाल्यांनी नवा मेक वेगळा बसवून घ्या.